पाचवं वाक्य

एका चौकोनावर विचार करण्यासाठी जगभरातली माणसं दर दोन-चार वर्षांनी आपापली घरं सोडून एकत्र जमतात, हे कळलं तेव्हा मला उगाचच बरं वाटलं. चौकोन जमिनीचा नव्हे. तसा असता तर परिषद भरली नसती, तारखा पडल्या असत्या. हा विधानांचा चौकोन. ॲरिस्टॉटलच्या विचारातून निघालेला आणि पुढच्यांनी रेघा मारून दिलेला. वरच्या दोन कोपऱ्यांत ‘सगळी माणसं शहाणी आहेत’ आणि ‘एकही माणूस शहाणा नाही’ ही दोन टोकाची विधानं समोरासमोर उभी असतात. दोन्ही एकदम खरी असू शकत नाहीत, पण दोन्ही एकदम खोटी खुशाल असू शकतात. खालच्या दोन कोपऱ्यांत ‘काही माणसं शहाणी आहेत’ आणि ‘काही माणसं शहाणी नाहीत’. ही दोन सुखानं शेजारी नांदतात, आणि कुठल्याही सभेत पाच मिनिटं बसलं की दोन्हींचा पुरावा मिळतो. एवढ्याशा या आकृतीवरची पहिली जागतिक परिषद २००७ साली स्वित्झर्लंडमध्ये, जिनिव्हा सरोवराच्या काठी माँत्रो गावात भरली. मग २०१० मध्ये कॉर्सिका बेट, २०१२ मध्ये बैरूत, २०१४ मध्ये थेट व्हॅटिकन आणि २०१६ मध्ये ईस्टर बेट. हे बेट म्हणजे चिलीच्या किनाऱ्यापासून साडेतीन हजार किलोमीटर आत, प्रशांत महासागराच्या मधोमध विसरून राहिलेला जमिनीचा ठिपका. तिथले ते प्रसिद्ध दगडी पुतळे बहुतेक सगळे समुद्राकडे पाठ करून, बेटाकडे तोंड करून उभे आहेत. शेकडो वर्षं न हलता, मध्येच न उठता, घड्याळाकडे न बघता. ज्यानं कोणी ती जागा निवडली त्याला श्रोत्यांची पारख असली पाहिजे.

तर्कशास्त्राच्या माणसांनी मुळात भेटावंच कशाला, हा प्रश्न मला पुष्कळ दिवस पडलेला आहे. कवी भेटतात ते समजतं. कविता आवाजावाचून अर्धी राहते. डॉक्टर भेटतात, कारण औषधं बदलतात. पण सिद्धता ही कागदावर जेवढी सिद्ध असते तेवढीच ती व्यासपीठावर. आवाज चढवल्यानं ती वाढत नाही आणि माइक बंद पडल्यानं घटत नाही. त्यातून ज्यांचा विषय तर्कशास्त्राचा इतिहास, त्यांच्याकडे ताजी बातमी म्हणजे चौदाव्या शतकातली. त्यांच्यासाठी १९८० पासून ‘हिस्टरी अँड फिलॉसॉफी ऑफ लॉजिक’ या नावाचं एक नियतकालिक निघतं. आयव्हर ग्रॅटन-गिनेस या इंग्रज विद्वानानं ते सुरू केलं. घरबसल्या वाचता येतं, पटलं नाही तर समासात खूण करता येते. तरीही ही माणसं विमानं पकडतात, गळ्यात नावाची पट्टी अडकवतात, पातळ कॉफी पितात आणि आपला निबंध मान खाली घालून वाचून दाखवतात. ऐकणाऱ्यांच्या हातात त्याच निबंधाची प्रत असते.

या कोड्याचं उत्तर मला आपल्या नैयायिकांकडे, म्हणजे न्यायशास्त्राच्या पंडितांकडे, सापडलं. अनुमान दोन प्रकारचं, असं ते सांगतात. एक स्वार्थ, म्हणजे स्वतःपुरतं. माणूस वाटेनं चाललाय, लांब डोंगरावर त्याला धुराची रेघ दिसते, तो मनाशी म्हणतो, आग लागलेली दिसते, आणि पुढे चालू लागतो. इथे बोलण्याची गरजच नाही. दुसरं परार्थ, म्हणजे दुसऱ्यासाठी. तोच माणूस घरी येतो आणि डोंगराची बातमी दुसऱ्याला पटवायला बसतो. आता मात्र पाच वाक्यं लागतात. डोंगरावर आग आहे. कारण तिथे धूर आहे. जिथे जिथे धूर तिथे तिथे आग, जशी स्वयंपाकघरात. हा डोंगरही तसाच धुराचा आहे. म्हणून डोंगरावर आग आहे. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’तून कित्येक पिढ्यांनी हा डोंगर पाठ केला. मुंबईत १८९७ साली आठल्ये आणि बोडस यांनी त्या चिमुकल्या पुस्तकाची जी आवृत्ती काढली, तिच्यात मूळ मजकूर औषधापुरता आणि टिपा पोतंभर आहेत. एवढी शतकं त्या डोंगरावर आग लागलेली आहे. विझवायला मात्र कोणी गेलेलं नाही, सगळे ती आहे हे सिद्ध करण्यात गुंतलेले.

पाश्चात्त्य तर्कशास्त्र शिकलेल्यांना या पाचांतली पुनरुक्ती खटकते. ॲरिस्टॉटलचं तीन वाक्यांत भागतं, मग इथे पाच कशाला? आणि पाचवं तर उघडउघड पहिलंच, फक्त पुढे ‘म्हणून’ लावलेलं. हिशेबाच्या दृष्टीनं ही उधळपट्टीच आहे. पण समोर माणूस बसलेला आहे हे धरलं की हिशेब बदलतो. पहिलं वाक्य ऐकताना त्यानं भुवया उंचावल्या होत्या. दुसऱ्याला तो जरा सावरून बसला. तिसऱ्यात स्वयंपाकघर आलं तेव्हा त्याचं मन दुपारच्या जेवणाकडे गेलं, आणि चौथं वाक्य त्याच्या कानावरून वाऱ्यासारखं गेलं. त्याला हाताला धरून पुन्हा डोंगरापाशी आणायचं तर पाचवं वाक्य हवंच. तीन वाक्यांची मांडणी सत्यासाठी पुरते. पाचवं वाक्य मनुष्यस्वभावासाठी आहे. ज्यानं कोणी ते घातलं, त्यानं आयुष्यात एकदा तरी जेवणानंतरच्या सत्रात निबंध वाचला असणार.

आपल्याकडच्या एका तालुक्याच्या गावी अशाच एका चर्चासत्राला मी गेलो होतो. विषय भारतीय तर्कपरंपरा. उद्घाटनाला समई, समईच्या वर गरगरणारा पंखा. प्रमुख पाहुण्यांनी एक वात लावली की पंखा एक विझवायचा. हातांचे आडोसे झाले, पंखा बंद करा असे पुकारे झाले, आणि पंख्याचं बटण कुठलं हे ज्याला ठाऊक होतं तो नेमका हारतुऱ्यांच्या तजविजीत होता. विझलेल्या वातीतून धुराची एक सुबक रेघ वर चालली होती. माझ्या शेजारी एक वयोवृद्ध शास्त्रीबुवा बसले होते. गुडघ्यावर कार्यक्रमपत्रिका, हातात अडकित्ता. त्यांच्या कानाशी लागून मी म्हटलं, “शास्त्रीबुवा, धूर आहे आणि आग नाही. ‘जिथे धूर तिथे आग’ ही व्याप्ती उद्घाटनालाच मोडली की!” त्यांनी समईकडे नीट पाहिलं. “वातीचं टोक लाल आहे अजून,” ते म्हणाले, “आग आहेच.” तेवढ्यात टोक काळं पडलं आणि धूर वातीला सोडून पंख्याकडे निघून गेला. “आता?” मी विचारलं. “आता तो चालत नाही. बुडाशी न तुटलेला धूर हवा, असं मुळातच म्हटलंय.” सुपारीचं खांड कट् करून तुटलं. ही तरतूद खरोखरच न्यायग्रंथांत आहे. पंख्याखालच्या समईचा विचार त्यांनी आधीच करून ठेवलेला होता.

पुढचा दिवसभर मी भाषणं कमी आणि शास्त्रीबुवांची कार्यक्रमपत्रिका जास्त पाहिली. दर वक्त्याच्या नावापुढे ते शिसपेन्सिलीनं बारीक अक्षरात एकेक शब्द लिहीत होते. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं, ही निग्रहस्थानं आहेत. गौतमाच्या न्यायसूत्रांच्या पाचव्या अध्यायात वादात हार कशी होते त्याच्या बावीस जागा सांगितल्या आहेत, आणि ती यादी वाचली की गौतमानं चर्चासत्रांखेरीज दुसरं काही पाहिलं होतं का अशी शंका येते. एका प्राध्यापकांनी ‘हेतू’ या विषयावर बोलताना पहिली दहा मिनिटं हा शब्द कुठल्या धातूपासून, कुठला प्रत्यय लागून बनला ते सांगण्यात घालवली. त्यांच्यापुढे लिहिलं गेलं: अर्थांतर. म्हणजे विषय सोडून भलतंच. गंमत अशी, की न्यायसूत्रांवरच्या वात्स्यायनाच्या भाष्यात अर्थांतराला उदाहरण म्हणून याच शब्दाची हीच व्युत्पत्ती दिलेली आहे. दुसऱ्या एकांचं बोलणं कोणालाच कळेना, त्यांनी ते आवाज चढवून पुन्हा सांगितलं, मग एकेक शब्द सुटा करून पुन्हा. त्यांना मिळालं अविज्ञातार्थ. सभेला आणि प्रतिपक्षाला तीनदा सांगूनही जे कळत नाही ते. ‘तुमच्या मांडणीत हा दोष आहे’ असं कोणी म्हटल्यावर ‘तो तुमच्याही मांडणीत आहे’ असं उत्तर आलं की मतानुज्ञा. आणि माझी सर्वांत आवडती जागा विक्षेप: काही तरी काम निघाल्याचं सांगून वाद अर्धवट टाकून निघून जाणं. एका सभाध्यक्षांचा फोन वाजला. त्यांनी तोंडावर हात धरून, कमरेत वाकून, सभेची क्षमा मागत दाराकडे धाव घेतली. शास्त्रीबुवांची पेन्सिल घुटमळली. “खरंच काम असलं तर मोजत नाहीत,” ते म्हणाले, आणि तेवढ्यापुरती जागा कोरी ठेवली.

या यादीतल्या एका जागेपाशी मात्र मला हसू येत नाही. प्रतिपक्षी चुकलेला आहे, ती चूक धरायला हवी होती, आणि ती तुमच्या लक्षातच आली नाही, तर हरलात तुम्ही. पर्यनुयोज्योपेक्षण असं तिचं अवघड नाव आहे. बोलणाऱ्याइतकीच जोखीम ऐकणाऱ्यावरही आहे, असा तिचा भावार्थ मी घेतो. अजून एका जागेचा न्याय असा, की सभेला समजलेलं आणि तीनदा सांगितलेलं प्रतिपक्षाचं म्हणणं तुम्हाला तुमच्या तोंडून पुन्हा सांगता आलं नाही, तर तिथेही तुमचाच पराभव. ही अट आपल्या चर्चासत्रांना आजपासून लागू केली तर निम्म्या खुर्च्यांवरची माणसं संध्याकाळपर्यंत हरलेली असतील.

ऐकण्यानं कधीकधी मोठी कामं होतात, हेही खरं. १९०० च्या ऑगस्टमध्ये पॅरिसला तत्त्वज्ञानाची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. तिथे अठ्ठावीस वर्षांच्या बर्ट्रांड रसेलच्या ध्यानात आलं, की कुठलीही चर्चा निघो, ज्युसेप्पे पेआनो हा इटालियन गणिती सगळ्यांहून नेमकं बोलतो आणि वादात सरस ठरतो. याचं रहस्य त्याच्या गणिती तर्कशास्त्रात असणार असं ताडून रसेलनं त्याच्याकडून त्याची सगळी पुस्तकं मागून घेतली आणि घरी जाऊन वाचत बसला. विसाव्या शतकातल्या तर्कशास्त्राचा मोठा हिस्सा त्या मागून आणलेल्या पुस्तकांतून निघाला. पेआनोचा निबंध काय होता, हे आज विचारावं तर अभ्यासकाला ग्रंथालय गाठावं लागेल. काम झालं ते प्रश्नोत्तरांत.

पण ज्या परिषदेवरून माझं मन हलत नाही ती क्योनिग्सबर्गची. कांटचं गाव, आज ते रशियात आहे आणि त्याचं नाव कालिनिनग्राद. १९३० च्या ५ ते ७ सप्टेंबरला तिथे नेमक्या शास्त्रांच्या ज्ञानमीमांसेवर बैठक होती. गणिताचा पाया कशावर उभा आहे यावर तीन पंथांचे तीन वकील बोलले: कार्नाप, हेटिंग आणि फॉन नॉयमन. दुसऱ्या दिवशी कुर्ट गोडेल नावाच्या चोवीस वर्षांच्या, चष्मा लावणाऱ्या, मितभाषी तरुणाला वीस मिनिटं मिळाली. त्यांत त्यानं आपल्या प्रबंधातला, सर्वांना मानवणारा सिद्धांत सांगितला आणि तो खाली बसला. तिसऱ्या दिवशी, रविवारी, समारोपाची चर्चा सुरू असताना कधीतरी त्यानं एक-दोन वाक्यं टाकली. अंकगणिताची तुमची आकारिक व्यवस्था विसंगतीपासून मुक्त असेल, तर तिच्यात अशी विधानं दाखवता येतात की जी आशयानं खरी आहेत, पण त्या व्यवस्थेत सिद्ध होत नाहीत. पायावर तीन दिवस वाद घालणाऱ्या मंडळींना पायाखाली काय आहे हे कोणीतरी सांगितलं होतं. आणि चर्चा पुढे चालू राहिली.

सभा उठताना फक्त एक माणूस त्या तरुणाला बाजूला घेऊन गेला आणि खोदून खोदून विचारू लागला: फॉन नॉयमन. त्याची अवस्था मी पुष्कळदा डोळ्यांपुढे आणतो. परवाच आपण ज्या पंथाची वकिली केली, त्याच पंथाच्या मुळाशी हे वाक्य पोचतं, हे ओळखणारा तो एकटा. नोव्हेंबरात त्यानं गोडेलला पत्र पाठवून कळवलं, की तुमच्या त्या वाक्यावरून पुढचं आणखी एक फळ मला मिळालं आहे. अशी व्यवस्था स्वतःची सुसंगती स्वतःच सिद्ध करू शकत नाही. तोवर गोडेलनं तेही लिहून निबंध छापायला धाडलेला होता. फॉन नॉयमननं ते शांतपणे गोडेलच्या पदरात सोडलं. परिषदेची पुढे जी हकीकत हान्स रायशेनबाखनं लिहिली, तिच्यात गोडेलचा उल्लेखसुद्धा नाही. मला यात रायशेनबाखला बोल लावावासा वाटत नाही. तीन दिवसांच्या शेवटी, परतीच्या गाडीच्या वेळा मनात घोळत असताना, कोपऱ्यातून हळू आवाजात आलेलं एक वाक्य आपल्यापैकी किती जणांनी टिपून घेतलं असतं? दुसऱ्या दिवशी, ८ सप्टेंबरला, त्याच गावात डेव्हिड हिल्बर्ट या वयोवृद्ध गणितज्ञाचं मोठं भाषण झालं. गावाचा सुपुत्र, नुकताच निवृत्त झालेला, जन्मगावानं सन्मान केलेला. माणसाच्या बुद्धीला न सुटणारं कोडंच नाही, आज नाही तर उद्या कळेलच, अशा अर्थानं त्यानं समारोप केला. भाषणाचा तुकडा रेडिओवरून प्रसारित झाला आणि ती वाक्यं पुढे गोटिंगेनला त्याच्या समाधीवर कोरली गेली. ज्या वाक्यानं त्या आशेचा पाय मोडला, ते एक दिवस आधी त्याच गावात बोलून झालेलं होतं. त्याला माइक मिळाला नव्हता, एवढंच.

गोडेलच्या पुढच्या आयुष्याकडे मी जरा भीतभीतच वळतो. हा माणूस पुढे प्रिन्स्टनला स्थायिक झाला आणि त्याला जेवणातून विषबाधा होईल अशी धास्ती बसली. बायको आडेल हिनं केलेलं आणि चाखून दिलेलं अन्न तेवढं त्याच्या घशाखाली उतरे. तर्काच्या सीमा ज्यानं गणितानं दाखवल्या, त्याच्या ताटातल्या घासाला सिद्धता चालत नव्हती. आपल्या शास्त्रात याला नाव आहे: आप्तवाक्य. विश्वासाच्या माणसाचा शब्द हेही ज्ञानाचं साधन, आणि प्रत्यक्ष नि अनुमान यांच्याच पंगतीला बसणारं. कितीतरी वर्षं त्या घरात आडेलच्या एका घोटानं सूप निर्दोष ठरत होतं. १९७७ मध्ये ती आजारी पडून इस्पितळात गेली. गोडेलनं जेवण जवळजवळ सोडलंच. १४ जानेवारी १९७८ ला तो गेला, तेव्हा त्याचं वजन तीस किलोच्या आसपास उरलं होतं. आल्फ्रेड टार्स्की या दुसऱ्या मोठ्या तर्कशास्त्रज्ञाचा जन्म १४ जानेवारीचाच, १९०१ चा. या दोन तारखा जुळवून युनेस्कोनं २०१९ मध्ये १४ जानेवारी हा जागतिक तर्कशास्त्र दिन ठरवला. आपल्याकडे बहुतेक वर्षी त्याच दिवशी संक्रांत असते. दारोदार तिळगूळ देऊन गोड बोलायचं वचन घ्यायचं आणि त्याच दिवशी जगभरच्या नैयायिकांनी एकमेकांच्या मुद्द्यांतले दोष काढायचे, हा योग पंचांगकर्त्यांना सुचला नसता.

आणि परिषदांचा विषय निघालाच आहे तर आता पुण्याकडे यायलाच हवं. १९८३ साली पुण्यात एक बैठक झाली. मे. पुं. रेगे हे तिच्या कर्त्यांपैकी एक. मुंबईच्या कीर्ती महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवलेले, तिथे प्राचार्य झालेले, ‘नवभारत’चे संपादक, पुढे वाईला विश्वकोशाचे प्रमुख संपादक. त्यांना आणि तत्त्वज्ञ दया कृष्ण यांना एक गोष्ट टोचत होती. या देशात तत्त्वज्ञान करणारी माणसं दोन पेठांत राहत होती. एकीकडे इंग्रजीतून रसेल शिकलेले प्राध्यापक, दुसरीकडे संस्कृतातून नैयायिक गंगेश शिकलेले पंडित. दोघंही दिवसभर तर्कच करत होते आणि शंभराहून जास्त वर्षं एकमेकांशी त्या विषयावर बोलले नव्हते. भेटत असतील ते लग्नामुंजीत. प्राध्यापकांना वाटे, पंडितांची घटापटाची खटपट कधीच कालबाह्य झाली. पंडितांना वाटे, या इंग्रजी लोकांना ‘अवच्छेदक’ ही आमची रोजची संज्ञासुद्धा ठाऊक नाही, यांच्याशी बोलायचं काय. आणि अशा संज्ञा उलगडणारा भीमाचार्य झळकीकरांचा जाडजूड ‘न्यायकोश’ त्याच गावातल्या भांडारकर संस्थेनं १९२८ मध्ये नव्यानं छापला होता, हे दोन्ही पक्षांना माहीत होतं.

रेगे यांनी बर्ट्रांड रसेलच्या विधानविषयक विचारांवर प्रश्न काढले, ते संस्कृतात नेले आणि पंडितांपुढे ठेवले. विचार करून पाहा: वेल्समध्ये जन्मलेला, पाइप ओढणारा नास्तिक लॉर्ड धोतर-उपरण्याच्या सभेत विभक्तिप्रत्यय लावून उभा केलेला. नवल हे, की तो तिथे उपरा वाटला नाही. काशीचे पंडित बदरीनाथ शुक्ल यांच्यासारखी माणसं समोर होती, आणि प्रश्न वैराचा नाही हे ध्यानात येताच त्यांनी तो आपल्या घरचा असल्यासारखा हातात घेतला. रसेलचं विधान हे असं काही तरी आहे, की ते कोणी उच्चारो न उच्चारो, कोणी जाणो न जाणो, आपलं खरं किंवा खोटं होऊन असतंच. निर्मनुष्य स्टेशनावर वेळेवर येऊन उभ्या राहणाऱ्या गाडीसारखं. नैयायिकाला ही कल्पनाच अवघडते. खरं-खोटं असतं ते ज्ञान, आणि ज्ञान म्हटलं की ते कोणाचं तरी असणार. वाक्याचं काय होतं असं त्याला विचारलं तर तो ऐकणाऱ्याच्या मनात उपजणाऱ्या शाब्दबोधापासून, म्हणजे वाक्यातून होणाऱ्या ज्ञानापासून, सुरुवात करतो. म्हणजे त्याच्या शास्त्रात श्रोता पाहुणा म्हणून बोलावलेला नाही, तो घराच्या पायातच आहे. उलट बाजूनं, कोणालाही न झालेलं ज्ञान नाही म्हटलं, तर ‘समजा, असं असतं तर’ या बोलण्याचं काय करायचं, हा प्राध्यापकांचा प्रश्नही पंडितांना सहज झटकता येण्यासारखा नव्हता. दोन्हीकडे काही तरी हललं. त्या चर्चेचं पुस्तक १९९१ मध्ये ‘संवाद’ याच नावानं निघालं. परिषदांचे ग्रंथ कपाटाच्या सर्वांत वरच्या फळीवर ठेवायचे असतात असा प्रघात आहे. हे मी हाताशी ठेवलं आहे.

माझ्या दृष्टीनं मात्र त्या बैठकीचं खरं फळ पुढेच आलं. बदरीनाथ शुक्ल यांनी नंतर एक निबंध सादर केला: न्यायाच्या चौकटीत राहून, शरीराहून वेगळा आत्मा न मानता चालेल काय? जन्मभर आत्म्याची वकिली केलेल्या परंपरेतला सर्वमान्य पंडित म्हातारपणी उठतो आणि देह हाच आत्मा हा चार्वाकाच्या अंगणातला पक्ष आपल्याच शास्त्राची अवजारं घेऊन लढवून दाखवतो. त्यांचं मत तसं होतं म्हणून नव्हे. ते कुठवर जातं हे बघायला. इतकी वर्षं त्यांना प्रश्न विचारणारे सगळे विद्यार्थी होते, विद्यार्थ्यांना उत्तरं द्यायची असतात. बरोबरीचा, परका आणि खरोखर उत्सुक असा श्रोता मिळाला की माणसाला असली चैन सुचते. पुस्तकात हे असं म्हटलेलं नाही, हे माझं अनुमान. आणि स्वार्थ ठेवायचं ते इथे परार्थ करून बसलो आहे.

आमच्या शास्त्रीबुवांची ती कार्यक्रमपत्रिका मी शेवटी मागून घेतली. दोन्ही दिवसांच्या बत्तीस वक्त्यांपुढे निग्रहस्थानं लागलेली आहेत, काहींपुढे दोन-दोन. समारोप करणाऱ्या अध्यक्षांनी सकाळपासूनचं सगळं पुन्हा एकदा सांगितलं होतं, त्यांच्यापुढे मी ‘पुनरुक्त’ची अपेक्षा केली होती. तिथे ‘निगमन’ लिहिलंय, आणि खाली एक रेघ. आता पुढच्या वर्षीच्या चर्चासत्राचं पत्र आलं आहे. मी विषय कळवला: विक्षेप, म्हणजे वाद अर्ध्यावर सोडून चहाला जाण्याचा पारिभाषिक विचार. संयोजकांनी तो स्वीकारून जेवणानंतरच्या सत्रात पंधरा मिनिटं दिली आहेत. गोडेलला वीस होती.